जादू कोणाला ओळखते?

अद्भुतरम्य कुमार कादंबरीत समलैंगिक वा पारलिंगी पात्र आले, की प्रतिनिधित्व साधले असे आपण सहज मानतो. मला हे मत अपुरे वाटते. हॅरी पॉटर मालिकेतील डम्बलडोर समलैंगिक आहेत, हे जे. के. रोलिंग यांनी २००७ मध्ये, अखेरचा भाग प्रसिद्ध झाल्यावर सांगितले. संहितेत तसा स्पष्ट उल्लेख नाही. आणि संहितेची उणीव निवेदनाने भरून निघत नाही.

याउलट एडन थॉमस यांची ‘सेमेटरी बॉइज’ (२०२०) पाहा. लॉस एंजेलिसमधील एका लॅटिन अमेरिकी मांत्रिक समाजात स्त्रिया रोग बरे करतात, पुरुष मृतात्म्यांना मुक्ती देतात. याद्रिएल हा पारलिंगी मुलगा. घरचे त्याला पुरुषांचा दीक्षाविधी नाकारतात. तो नात्यातील बहिणीच्या साहाय्याने गुपचूप विधी करतो आणि मृत्युदेवता त्याचा स्वीकार करते. देवतेने क्षणात ओळखलेल्या या मुलाला घराने ओळखावे, यासाठी मात्र पुढे कादंबरीभर झगडावे लागते. संकुचित असते ती रूढी, जादू नव्हे.

वास्तववादी लेखकाला समाजाचे नियम आयते मिळतात. अद्भुताचे नियम लेखक स्वतः घडवतो. म्हणून तेथे कोणाला वगळले, तर ती लेखकाचीच निवड ठरते. घरात अद्याप स्वतःविषयी बोलू न शकलेल्या कुमार वाचकाला ही निवड अचूक कळते. तेव्हा अशी कादंबरी अभ्यासताना केवळ पात्रे मोजू नका. त्या विश्वाचे नियम तपासा.