आधी काम, मग यंत्र

तराजू घेताना जुना व्यापारी आधी एकच प्रश्न विचारीत असे : तोलायचे काय आहे? सोन्याच्या काट्यावर धान्य तोलता येत नाही आणि धान्याच्या काट्यावर सोने तोलले तर नुकसान ठरलेले. पेढीवर चित्रफितींच्या संकलनासाठी संगणक घेताना मात्र हा पहिलाच प्रश्न बहुधा राहून जातो. विक्रेता एक यंत्र पुढे करतो. वडील किंमत ऐकून चमकतात, चिरंजीव काचेच्या पेटीतले रंगीत दिवे पाहून हरखतात, आणि ज्याला त्या यंत्रापुढे रोज सात-आठ तास बसायचे आहे त्याला कोणीच काही विचारीत नाही.

साड्यांच्या एखाद्या ठोक पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पूर्वी नमुन्यांची पेटी घेऊन गुमास्ता गावोगाव फिरत असे. आता किरकोळ दुकानदार नव्या मालाची चित्रफीत सकाळीच मोबाइलवर मागतो. रोज पंधरा-वीस नग, प्रत्येकाची मिनिटभराची फीत, आणि लग्नसराईत त्याच्या दुप्पट. हे सारे काम एका तरुण मुलीकडे आणि बिलांच्या जुन्या संगणकाकडे सोपवलेले असते. पडद्यावरचे चित्र अडखळते, एक फीत तयार व्हायला अर्धा तास लागतो, आणि मुलीची घरी जाण्याची बस रोज चुकते. ‘बिले यावरच होतात, मग चित्रफिती का होऊ नयेत?’ हा वडिलांचा प्रश्न चुकीचा नसतो. त्याला नीट उत्तर मिळालेले नसते, इतकेच.

उत्तर आकड्यांत आहे. बिलांची वर्षभराची नोंद लहानशा पेनड्राइव्हमध्ये मावते. उलट सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेले चित्रण तासाला सुमारे ४५ गीगाबाइट जागा घेते. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात आणि फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोबर चौपट. शिवाय आजचे मोबाइल हे चित्रण घट्ट आवळून साठवतात. प्रत्येक चित्र पूर्ण न ठेवता आधीच्या चित्राहून काय बदलले तेवढेच लिहून ठेवतात. संकलनाच्या वेळी संगणकाला त्या नोंदींवरून प्रत्येक चित्र पुन्हा उभे करावे लागते. जुने यंत्र अडखळते ते येथे.

म्हणून खरेदीपूर्वी दोन उपाय विनाखर्चाचे करून पाहावेत. माल मोबाइलच्या लहान पडद्यावरच पाहिला जाणार असेल, तर चित्रण फुल एचडीत करावे. आणि फोर-के आवश्यकच असेल, तर संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘प्रॉक्सी’ची सोय वापरावी. त्यात मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती करून काम त्यांच्यावर होते आणि अंतिम फीत मूळ चित्रणातून निघते. एवढ्याने अडचण सुटली, तर खरेदी वर्षभर पुढे ढकलण्यात काहीच गैर नाही.

खरेदी करायचीच ठरली, तर प्रथम सॉफ्टवेअर ठरवावे. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मालाच्या लहान चित्रफितींसाठी पुरेशी आहे, परंतु तिचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो. ॲडोबी प्रीमियर प्रोसाठी नियमित वर्गणी भरावी लागते आणि ते प्रोसेसरवर अधिक विसंबते. आवळलेले चित्रण उलगडण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील ‘क्विक सिंक’ ही सोय उपयोगी पडते. मात्र ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि त्यामुळे ही सोयही नसते. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून पुढे केला जातो. कोटेशनमधील हे एक अक्षर वाचल्यावाचून होकार देऊ नये.

रॅम १६ गीगाबाइटहून कमी नसावी. फोर-केचे काम नित्याचे असेल तर ३२ घ्यावी. ती एका पट्टीत न घेता १६ च्या दोन पट्ट्यांत घेतली तर वेग अधिक मिळतो, आणि मदरबोर्डवर चार खाचा असतील तर पुढे वाढवण्यास वाव राहतो. चालू काम एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीवर ठेवावे. झालेले काम मोठ्या हार्ड डिस्कवर हलवावे, कारण साठवणीसाठी ती अजूनही स्वस्त पडते.

पडद्याबाबतची काटकसर सर्वांत महाग पडते. पडदा आयपीएस प्रकारचा असावा आणि एसआरजीबी रंगांची व्याप्ती शंभर टक्क्यांच्या जवळ असावी. मोरपंखी साडी पडद्यावर निळी दिसली, संकलन करणारीने ती तशीच सुधारली, आणि दुकानदाराला प्रत्यक्षात हिरवट माल मिळाला, तर पार्सल परत येते. भाडे दोन्ही बाजूंचे जाते. ‘दाखवले एक, पाठवले दुसरे’ हा बोल लागतो तो वेगळाच, आणि तो कोणत्याही खतावणीत वळता करता येत नाही.

यानंतर न दिसणाऱ्या दोन वस्तू. पहिली यूपीएस आणि नामांकित पॉवर सप्लाय. वीज अवचित गेली तर हातातले काम जाते, आणि दाबाच्या चढउतारांनी यंत्राचे आयुष्य घटते. दुसरी राखीव प्रत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ हा नियम सोपा आहे : एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. जी पेढी रोकड एकाच गल्ल्यात ठेवत नाही, तिने वर्षभराचे चित्रण एकाच डिस्कवर ठेवू नये.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर होवो, पुण्याच्या तपकीर गल्लीत होवो की गावातल्या ओळखीच्या दुकानात, पक्के बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकासह घ्यावे. संगणकावरचा १८ टक्के कर, पेढी कंपोझिशन योजनेत नसेल आणि वापर व्यवसायासाठी असेल, तर इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो. मात्र क्रेडिट घेतलेल्या रकमेवर घसारा मागता येत नाही. संगणकाचा घसारा ४० टक्के दराने मिळतो, पण वर्षात वापर १८० दिवसांहून कमी झाला तर त्या वर्षी निम्माच. म्हणजे दिवाळीच्या मुहूर्तावर घेतलेल्या यंत्राला पहिल्या वर्षी २० टक्केच घसारा लागतो. एका दिवसात एका विक्रेत्याला १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरली जात नाही. आपल्या सीएंना एकदा विचारून मगच पैसे द्यावेत.

जुळवून घेतलेल्या यंत्रात त्याच पैशांत बरे भाग मिळतात, पण प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते आणि ती भारतात लागू आहे ना, हे पाहावे लागते. तयार ब्रँडेड यंत्रात एकच दार ठोठवावे लागते. ज्या गावी दुरुस्ती करणारा जवळ नाही, तेथे हे दुसरे सुख मोठे. जुने यंत्र स्वस्त मिळत असेल तर ते विंडोज ११ चालवू शकते का, हे आधी पाहावे. विंडोज १० ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे.

शेवटी, दुकानात जाताना आपल्याच मालाचे दहा मिनिटांचे चित्रण पेनड्राइव्हवर न्यावे आणि जिला काम करायचे आहे त्या मुलीलाही सोबत न्यावे. तिने यंत्रापुढे बसावे, एक फीत जुळवून पाहावी आणि लागलेली मिनिटे कागदावर लिहावीत. कापड हातात घेऊन पारखणाऱ्या घराला ही रीत नवी नाही. अर्ध्या तासाचे काम पाच मिनिटांवर आले, तर वडिलांना किमतीचा अर्थ त्या कागदावरच दिसेल, आणि मुलीला संध्याकाळची बस मिळेल.