कोणाचाच नसलेला नंबर

मागच्या वर्षी आमच्या दारव्ह्यातल्या गणेश मंडळाने एकांकिका बसवायचे ठरवले आणि ती लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. नाटकातला कृषी केंद्राचा मालक गिऱ्हाइकाला म्हणतो, "बियाणं आलं की सांगतो, माझा नंबर लिहून घ्या." नंबर म्हणून मी मनाला येतील ते दहा आकडे ठोकून दिले. संहितेच्या झेरॉक्स निघाल्या, तालमी सुरू झाल्या. एका रात्री वाचन ऐकता ऐकता बायकोने विचारले, "हा नंबर कोणाचा?"

"कोणाचाच नाही."

"लावून पाहिलात?"

सकाळी लावून पाहिला. दुसऱ्याच घंटेला बाईचा आवाज आला, "कोन बोलते जी?" फोन चुकून लागला असे मी म्हणेपर्यंत तिने पुढचे विचारलेही, "ब्यांकेतून बोलून राह्यले का? कापसाचे पैसे आले का जी?" मी माफी मागून फोन ठेवला आणि नंबर खोडला. पण तो खोडला नसता तर? मांडवातल्या दोन-तीनशे माणसांनी तो ऐकला असता. त्यातल्या चार टवाळ पोरांनी गंमत म्हणून रात्री-बेरात्री लावला असता. आणि कापसाच्या पैशांची वाट पाहणारी ती बाई दर वेळी धावत येऊन फोन उचलत राहिली असती.

हे नुसते मनाचे खेळ नव्हेत. २०१९ साली आलेल्या 'अर्जुन पटियाला' या हिंदी चित्रपटात सनी लिओनीच्या पात्राच्या तोंडी एक नंबर होता. तो निघाला दिल्लीतल्या एका माणसाचा! फोनच्या भडिमाराने जेरीस येऊन त्याने पोलीस ठाणे गाठले. सनी लिओनीने नंतर त्याची माफी मागितली. २०२४ साली 'अमरन' या तमीळ चित्रपटात नायिकेच्या हातच्या चिठ्ठीवर एक नंबर दिसला आणि चेन्नईतल्या एका विद्यार्थ्याचा फोन वाजायचा थांबेना. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि पडद्यावरचा तो नंबर पुसट करावा लागला. "नंबर बदलून टाक ना," असे सांगणे सोपे असते. पण आज आधार, बँक, गॅसची टाकी, सगळे त्या दहा आकड्यांना बांधलेले आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' अशी पाटी येते. पात्रे असतीलही काल्पनिक, नंबर मात्र खराच निघतो.

का निघतो, हा साधा हिशेब आहे. आपले मोबाइल क्रमांक दहा आकडी आणि ६ ते ९ पासून सुरू होणारे. कागदावर असे ४०० कोटी क्रमांक होतात आणि देशात मोबाइल जोडण्या आहेत ११५ कोटींच्या आसपास. म्हणजे डोळे मिटून लिहिलेल्या तीन-चार नंबरांमागे एक तरी कोणाच्या तरी खिशात वाजणार. त्यातून आपण ओळखीच्या ९८ किंवा ९४ ने सुरुवात केली, तर धोका आणखी वाढतो. बरे, आज बंद असलेला नंबर उद्याही बंदच राहील असे नाही. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही, पण पुढे तो नव्या माणसाला मिळू शकतो. ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितले. पुस्तक आणि चित्रपट यांचे आयुष्य ९० दिवसांपेक्षा खूपच मोठे!

अमेरिकेने यावर केव्हाच तोड काढली. तिथे ५५५ च्या पुढे ०१०० ते ०१९९ हे शंभर क्रमांक कथा-चित्रपटांसाठी राखून ठेवले आहेत. ब्रिटनच्या ऑफकॉमने नाटक-मालिकांसाठी मोबाइलचे हजार क्रमांक बाजूला काढले, शिवाय लंडनसारख्या शहरांचे वेगळे. ते कोणालाही मिळत नाहीत, म्हणून कोणाचीही झोप मोडत नाही.

नाटककार एक आकडा गाळून किंवा नंबरावर ट्रकचा भोंगा वाजवून वेळ मारून नेईल. संगणकाची प्रणाली तयार करणाऱ्याला ती सोय नाही. नवा अर्ज नीट चालतो का, हे पाहताना त्याला अस्सल वाटणारा दहा आकडी नंबरच लागतो, नऊ आकडे यंत्र घेतच नाही. मग तो अंदाजाने एखादा टाकतो आणि चाचणीचा संदेश कुठल्या तरी खेड्यातल्या फोनवर जाऊन पडतो.

त्याहून वाईट म्हणजे खोटा नंबर खऱ्या कागदात शिरणे. आयुष्मान भारत योजनेवरच्या कॅगच्या अहवालात ऑगस्ट २०२३ मध्ये उघड झाले की, ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थ्यांपुढे एकच मोबाइल क्रमांक नोंदला होता: दहा वेळा नऊ! आणखी १ लाख ३९ हजार ३०० जणांपुढे दहा वेळा आठ. पात्रता मोबाइलवरून ठरत नाही, ओळख आधारवरून पटते, असा खुलासा सरकारने केला. तो मान्य केला तरी प्रश्न उरतोच. ज्याच्या नावापुढे नऊच नऊ आहेत, त्याला निरोप द्यायचा कसा?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे कसे घडत असेल, ते समजायला फार लांब जावे लागत नाही. घरात फोन एकच, तोही मुलासोबत पुण्याला गेलेला. सेवा केंद्रात म्हातारी म्हणते, "नंबर नाही बाप्पा." मागे रांग लागलेली, रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. भरणारा काहीतरी दाबून मोकळा होतो. त्याला दोष तरी किती द्यावा? पण पुढे ओटीपी येतो, पीकविम्याचा निरोप येतो, आणि तो भलत्याच्याच फोनवर.

म्हणून मागणी दोन गोष्टींची आहे. दूरसंचार विभागाने चारशे कोटींतले हजारभर क्रमांक कथा-नाटकांसाठी आणि चाचण्यांसाठी कायमचे राखून ठेवावेत आणि ते शाळा-कॉलेजांपासून चित्रपटवाल्यांपर्यंत सर्वांना कळवावेत. आणि सरकारी अर्जात 'मोबाइल नाही' असा एक रकाना असावा. खोट्याला त्याची जागा नेमून दिली की ते खऱ्याच्या घरात घुसत नाही.

आमच्या एकांकिकेत शेवटी मी नऊच आकडे ठेवले. प्रयोगाच्या रात्री मालकाने नंबर म्हटला आणि पहिल्या रांगेतला एक पोरगा बोटे मोजून ओरडला, "काका, एक कमी हाये!" अख्खा मांडव हसला. मीही हसलो. त्या कमी आकड्यामुळे कुठल्या तरी घरात एक फोन उगाच वाजायचा राहिला होता.