घराची राखण आणि संशयाची सोय

एखाद्या आळीत घरफोडी झाली की आपल्या सुशिक्षित समाजात दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात. पहिली, खिडक्यांवर लोखंडी गजांची आणखी एक फळी चढते; आणि दुसरी, गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या एखाद्या निर्धन जमातीकडे बोट दाखविले जाते. ह्या दोहोंपैकी एकीनेही घर सुरक्षित होत नाही. पहिलीने घराची भट्टी होते आणि दुसरीने निरपराध माणूस भरडला जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते मांडण्यास कुर्डुवाडीइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

कुर्डुवाडी हे मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन. १८९७ साली येथून बार्शीकडे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून बार्शी लाइट रेल्वेची गाडी निघाली. पुढे तोच मार्ग एका अंगास पंढरपूर व मिरज आणि दुसऱ्या अंगास लातूर येथपर्यंत पोहोचला. ते अरुंद रूळ आता राहिले नाहीत, त्यांच्या जागी रुंद मार्ग आला. परंतु गावाची रात्र अजूनही आगगाडीच्या वेळापत्रकानेच चालते. कोणाची रात्रपाळी, कोणी पहाटे परतणारा, कोणी मध्यरात्री उतरून सकाळच्या गाडीची वाट पाहणारा, कोणी पंढरीस निघालेला. अशा गावात ‘अनोळखी माणूस दिसला’ हाच पुरावा मानावयाचा ठरविले, तर फलाटावरील निम्मी मंडळी कोठडीत बसवावी लागतील!

प्रथम उन्हाळ्याचा विचार करू. माढे तालुक्याचा हा मुलूख कोरडा. वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पण कोरड्या हवेचा एक गुण आहे: दिवस कितीही तापला तरी रात्र निवते. आमच्या पूर्वजांची माळवदे ह्याच गुणावर उभी होती. पांढऱ्या मातीची जाड भिंत दिवसाचे ऊन आत येऊ देण्यास संध्याकाळ करी, आणि तोवर घरातील माणसे माळवदावर किंवा अंगणात अंथरुणे टाकीत. खाली मुख्य दरवाजास आतून अडसर असे आणि ओसरीवर घरातील वडीलधारे माणूस निजे. हवा व राखण यांचा तंटा ह्या व्यवस्थेत नव्हता. आज माळवद गेले आणि सिमेंटची गच्ची आली. ती दिवसभर प्यालेली उष्णता रात्रभर घरात ओतते. म्हणजे रात्री खिडकी उघडण्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक, आणि नेमकी त्याच वेळी भीतीने ती बंद!

बरे, ह्या भीतीने केलेला बंदोबस्त तरी धड आहे काय? पुढच्या दारास मनगटाएवढे कुलूप. पण मागच्या खिडकीचे गज कूलर बसविण्यासाठी कापलेले, आणि तो कूलर एका हलत्या घडवंचीवर ठेवलेला. कूलर सरकविला की माणूस आत शिरेल एवढी वाट तयार! गजांमधून वारा अडत नाही, ही गोष्ट सांगावयास पंडिताची गरज नाही. गज जागेवर ठेवून त्यांच्याबाहेर कूलर भिंतीस पक्का जखडला तरी थंडावा तितकाच मिळतो. त्यातून ह्या यंत्राचा घरघराट असा की शेजारच्या खोलीत कपाट फोडले तरी ऐकू येऊ नये. जी कुटुंबे अजून गच्चीवर निजतात, त्यांची तऱ्हा निराळी: जिन्याचे दार नुसते लोटलेले, आणि किल्ल्या खिडकीलगतच्या खुंटीवर. घर गावी निघाले की बाहेरून टांगलेले भले मोठे कुलूप ‘आत कोणी नाही’ अशी दवंडीच पिटते. चोराला बळ फारसे लागतच नाही. त्याला माहिती लागते, आणि ती आपण फुकट पुरवितो.

उलटपक्षी, ज्यांनी चारी बाजूंनी न उघडणारा पिंजरा करून घेतला, त्यांनी चोरास बाहेर ठेवले की स्वतःस आत कोंडले, हा प्रश्नच आहे. विजेच्या तारेने पेट घेतला तर एकच दार. एका तरी खिडकीची जाळी आतून उघडणारी असावी, तिची किल्ली घरातील पोरासोरांसही ठाऊक असावी, आणि ती बाहेरून हात घालून मिळू नये, इतका साधा विचारही आमच्या गृहस्थांना कारागिरास सांगावासा वाटत नाही.

स्वतःची ही ढिलाई झाकण्यासाठीच दुसऱ्या उपायाचा, म्हणजे संशयाचा, आश्रय केला जातो. येथे इतिहासाचे एक पान उलटणे अवश्य आहे. जुन्या मराठी गावगाड्यात रात्रीची राखण रामोशी व इतर जागले करीत. चोरी झाली की जागल्याने माग काढावयाचा. माग शिवेपलीकडे गेला की शेजारच्या गावाने तो पुढे चालवावयाचा. आणि ज्या गावात माग हरवला त्या गावावर नुकसानीची जबाबदारी. ही रीत सर्वत्र निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्यात एक शहाणपण होते. चोरी ही साऱ्या गावाची जबाबदारी मानली जाई, आणि पुरावा पायाच्या ठशाचा लागे, जातीचा नव्हे.

हे शहाणपण इंग्रजी राजवटीने उलटे केले. १८७१ च्या कायद्याने सबंध जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. त्यांच्यावर हजेरी आली, हालचालींवर बंधने आली. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची ‘सेटलमेंट’ उभी राहिली आणि तेथील माणसे गिरण्यांत राबू लागली. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. कुंपणाची तार त्या दिवशी कायद्याने तुटली. पण आमच्या दिवाणखान्यात ती अजून ताणलेली आहे! घरातील अंगठी हरवली की मोलकरणीची झडती आणि शेजारी चोरी झाली की पारध्याच्या पालावर धाड, ही मागणी करणारे लोक अडाणी नसतात. ते पदवीधर असतात.

कोणी म्हणेल, “त्या जमातींतील काहीजण चोरीत सापडतातच ना?” सापडतात, तसे पेढीवरचे कारकून अफरातफरीत सापडतात आणि अधिकारी लाचेत. म्हणून कारकुनांच्या आळीवर कोणी धाड घालीत नाही. अपराध माणसाचा असतो. तो सिद्ध करणे पोलिसांचे व न्यायालयाचे काम आहे. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्याला कोणी जमीन, काम किंवा भाड्याची खोली दिली नाही, त्याच्या पालाकडे बोट दाखविण्याआधी आपले हात एकदा न्याहाळावेत.

हा संशय नुसता अन्यायकारक नाही, तो प्राणघातक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले; त्यांतील बहुतेक ह्याच सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवेने दोन साधू व त्यांचा गाडीवान जिवास मुकले. ह्या आठांपैकी एकानेही कोणाचे कुलूप फोडले नव्हते.

कायदा घरधन्यास दुबळा ठेवीत नाही. रात्री घर फोडून चोरी करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेत चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि घरात घुसणाऱ्यापासून स्वतःचा बचाव करण्याचा हक्कही आहे. परंतु पकडलेल्या माणसास विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली केलेच पाहिजे. त्याला खांबास बांधून झोडपणे हा बचाव नव्हे. तो नवा गुन्हा होय.

मग करावे काय? उपाय स्वस्त आहेत, फक्त ते आपल्या अंगावर पडतात. गज शाबूत ठेवून खिडकी उघडी टाकावी. जिन्याच्या वरच्या दारास भक्कम कडी असावी. कुलूप दारातच बसविलेले घ्यावे, टांगलेले नको. गावी जाताना दाराशी वर्तमानपत्रांचा ढीग साचू नये व संध्याकाळी दिवा लागावा, एवढे शेजाऱ्यास सांगून जावे. दागिने लग्नसराई सरताच बँकेच्या पेटीत जावेत. तेथेही चोरी झाल्यास बँकेची भरपाई, १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार, वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपुरतीच मर्यादित असते. म्हणून दागिन्यांची छायाचित्रे व पावत्या वेगळ्या जपाव्यात. आणि गल्लीने गस्तीची पाळी लावलीच, तर हातातील काठीइतकाच पोलिसांचा ११२ हा क्रमांक ध्यानात असावा.

ह्यांतील शेजाऱ्याचा उपाय आमच्या मंडळींना सर्वांत अवघड वाटेल, कारण शेजारी कोण हेच पुष्कळांस ठाऊक नाही. रात्रपाळीवर गेलेल्या रेल्वे कामगाराच्या घरावर लक्ष ठेवणारी समोरची म्हातारी ही दहा कुलुपांची बरोबरी करते. पण तिच्याशी दोन शब्द बोलावे लागतात, आणि संशय घेण्यास कोणाशीच बोलावे लागत नाही. म्हणूनच तो इतका लोकप्रिय आहे. ज्यांना खरोखर घर राखावयाचे आहे त्यांनी ही सोय सोडावी, आणि आज निजण्यापूर्वी आपल्या मागच्या खिडकीचे गज मोजावेत.