वर्कशॉपला पाच वाजता कुलूप का?

आधीच सांगते, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी बेताचंच आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण भांडण मातृभाषेतच बरं जमतं!

मागच्या एप्रिलमध्ये मी आणि माझ्या रूममेटने पाण्याने थंड होणाऱ्या कॉम्प्युटरसाठी अ‍ॅक्रिलिकची केस बनवायला घेतली. कारण साधं. सिम्युलेशन लावलं की आमचा पीसी तापून आपोआप बंद पडायचा. तेवढ्याच वजनाच्या हवेपेक्षा पाणी चौपट उष्णता धरतं, हे आम्ही पेपरात लिहिलेलं. पण पाणी जादू करत नाही. प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथे शेवटी हवेलाच देतं. खोली 38 अंशांवर असेल तर पाणी त्याच्या खाली जात नाही, हे मात्र टाकीत थर्मामीटर बुडवल्यावरच पटलं.

5 मि.मी.ची शीट साइनबोर्डवाल्या काकांनी कापून दिली. भोकं आम्ही खोलीत पाडली, लोखंडाच्या साध्या बिटने. बिट पलीकडे निघताना अडकलं आणि शीटला कोपऱ्यापर्यंत तडा! महिन्याच्या मेसबिलाएवढे पैसे गेले. (बाबांना अजून सांगितलेलं नाही.) बिटची धार थोडी बोथट करायची, खाली लाकूड धरायचं, वेग कमी ठेवायचा, हे वर्कशॉपच्या सरांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण आमची लेक्चर्स पाचला सुटतात आणि वर्कशॉपला कुलूपही पाचलाच लागतं.

जोड क्लोरोफॉर्मने दिले. ते पातळ असल्याने फटीत आपोआप ओढलं जातं. डास येतात म्हणून खिडकी बंद होती. थोड्याच वेळात दोघींचं डोकं गरगरायला लागलं. वासाने रेक्टर मॅडम आल्या. "अगं, ऑपरेशन थिएटर उघडलंय का इथे?" त्या खूप रागावल्या, आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. हे काम खोलीत करायचं नाहीच.

मग करायचं कुठे? प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ब्लॉक आम्ही आयता विकत घेतला, कारण त्याला मिलिंग लागतं. मिलिंग मशीन कॉलेजात आहे, पण तिला हात फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशी. "कुणाचं बोट गेलं तर जबाबदार कोण?" असं ऑफिसात विचारतात. प्रश्न खरा आहे. पण रात्री दोन वाजता पलंगावर ड्रिल चालवताना बोट गेलं असतं तर? आठवड्यातून दोन संध्याकाळी आठपर्यंत, एका इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली वर्कशॉप उघडं ठेवा, एवढंच मागणं आहे. आयते प्रोजेक्ट विकत आणणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही, आणि हाताने करणाऱ्यांनी चोरून करायचं, हे काय?

केस जूनमध्ये पूर्ण झाली. पीसी बंद ठेवून, जोडांखाली टिश्यू पेपर ठेवून 24 तास नुसता पंप चालवला. पहाटे एक टिश्यू ओला. क्लॅम्प सैल होता. तो आवळून पुन्हा 24 तास. तेव्हापासून थेंबही नाही.

अर्जावर आत्तापर्यंत 63 सह्या झाल्यात. अर्ज मेसच्या काउंटरवर आहे, पेन आपापलं आणा.