हॅनाला पगार किती?

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात घराला चुना मारायचा म्हणून पलंगाखालची लोखंडी पेटी ओढून काढली. वर माहेरची गोधडी, तिच्याखाली माझे डी.एड.चे कागद आणि अगदी तळाशी खाकी कव्हर घातलेले एक जाडजूड पुस्तक. शिवण उसवलेली, कोपरे उंदराने कुरतडलेले. सून म्हणाली, "आई, हे रद्दीत द्यायचे का?" मी ते तिच्या हातातून असे हिसकावले की बिचारी दचकलीच.

ते पुस्तक म्हणजे 'चौघीजणी'. कवयित्री शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ही अमेरिकन कादंबरी. मूळ लेखिका लुइसा मे अल्कॉट. मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणी, त्यांची आई, लढाईवर गेलेले वडील आणि शेजारच्या वाड्यातला लॉरी. आपल्यापैकी अनेकींनी वाचले असेल. ज्यांनी नसेल वाचले, त्यांनी गावातल्या वाचनालयात विचारून पाहावे.

मला ते नववीत असताना शाळेच्या कपाटातून मिळाले. आम्ही तेव्हा हिंगणघाटला गिरणीच्या चाळीत राहत होतो. बाबा गिरणीत, आणि माय हंगामात जिनिंगमध्ये आणि हंगाम संपला की चार घरची धुणीभांडी करायला. रात्री जेवणे आटोपली की मी चिमणीपुढे बसून मोठ्याने वाचायची. मायला अक्षरओळख नव्हती, पण ऐकण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. बहिणी ऐकता ऐकता झोपून जायच्या, माय शेवटपर्यंत जागी. मध्येच म्हणायची, "थांब, ते मांगचं पुन्हा वाच."

पुस्तकाच्या सुरुवातीलाच नाताळ येतो. घरात पैसा नाही म्हणून भेटवस्तू नाहीत. सकाळी चांगली न्याहारी समोर मांडलेली असते आणि आई येऊन सांगते की जवळच हमेल नावाचे एक कुटुंब आहे, घरात शेगडी नाही, अन्न नाही, सहा पोरे थंडीने एका अंथरुणात गोळा होऊन पडली आहेत. मुली आपली न्याहारी उचलून त्यांना नेऊन देतात. मी वाचताना रडले होते. मायला वाटले असेल की आता हीही रडेल, म्हणून मी तिच्याकडे पाहिले. तर ती वेगळ्याच विचारात. त्या घरात हॅना नावाची कामवाली बाई आहे. हमेलांच्या झोपडीत लाकडे वाहून नेली ती हॅनाने, विस्तव पेटवला तिने, आणि फुटक्या तावदानांत जुन्या टोप्या आणि स्वतःच्या अंगावरचा झगा कोंबून वारा अडवला तोही तिनेच. पुस्तकात हे एका ओळीत उरकले आहे. शाबासकी सगळी मुलींना.

माय म्हणाली, "तिनं आपल्या आंगावरचा झगा देल्ला. मंग तिले रातच्यान थंडी नाई वाजली काय?"

आणि थोड्या वेळाने, "काम कराले बाई हाये, मंग हे लोक गरीब कायचे? अन् तिले पगार किती देते?"

मी पाने उलटून पाहिली. सापडले नाही. मेग जन्मली तेव्हापासून हॅना त्या घरात आहे आणि तिला कोणी नोकर समजत नाही, मैत्रीणच मानतात, असे मात्र लिहिलेले सापडले. ते वाचून दाखवल्यावर माय हसली. चार घरी काम करणाऱ्या बाईला 'तू आमच्या घरचीच' हे वाक्य काय असते ते माहीत असते. दिवाळीला हमखास ऐकू येते, पगारवाढ मागितली की ऐकू येत नाही.

तरी पुस्तक आम्ही सोडले नाही. मायनेच सोडू दिले नाही. एमीला शाळेत मास्तर हातावर छड्या मारतात तो प्रसंग तिला तोंडपाठ झाला होता. मुरवलेली लिंबे वर्गात आणली एवढाच गुन्हा. एमीची आई ठरवते की जिथे मारतात तिथे मुलगी पाठवायची नाही, घरीच शिकवू. आई असावी तर अशी, असे मला वाटले. मायला नाही वाटले. "मारलं म्हणून शाळा सोडली? आमच्या पोरीले शाळेसाठी मार खा लागते." आजही मी दोघींपैकी कोणाची बाजू घ्यावी हे मला ठरवता येत नाही. मास्तरीण म्हणून एकोणतीस वर्षे काढली, एकाही मुलाला हात लावला नाही. पण मायने मला त्या वेळी शाळेतून काढले असते तर मी मास्तरीण झालेच नसते.

त्या कादंबरीतल्या गावाचेही मला वेड लागले होते. पुस्तकात गावाचे नाव येत नाही, पण लुइसाने ते आपल्या कॉन्कॉर्ड गावावरून आणि आपल्या घरावरून रंगवले. हे मला खूप पुढे कळले. तेव्हा मी ते गाव हिंगणघाटातच वसवून टाकले होते. त्यांची नदी म्हणजे आमची वणा. लॉरीचा वाडा म्हणजे बाजाराकडच्या व्यापाऱ्याची माडी. बर्फाचे काय करावे? बर्फ मी गोळेवाल्याच्या गाडीवरच पाहिलेला. मग एकदा मायला डबा द्यायला जिनिंगच्या आवारात गेले, तिथे सरकी काढायला आलेल्या कापसाचे घराएवढे ढीग, सगळी जमीन पांढरी, बायकांच्या केसांवरही पांढरे. म्हटले, सापडला बर्फ.

पुढे मी नोकरीला लागले तेव्हा कळले की कापसाचा आणि त्या पुस्तकाचा संबंध पोरीच्या कल्पनेपेक्षा मोठा आहे. चौघींचे वडील ज्या लढाईत पाद्री म्हणून गेले, ती १८६१ ते १८६५ ची अमेरिकेतली यादवी. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या गुलामांकडून कापूस पिकवून घेत. त्या कापसावर इंग्लंडच्या गिरण्या चालत. लढाई पेटली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस अडला आणि लँकेशायरचे कामगार उपाशी पडले. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. आपला हिंगणघाटचा कापूस तेव्हापासून लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला गेला. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो १८६२ साली, आणि १८६७ साली मुंबईकडची रेल्वे आपल्या जिल्ह्यातून नागपूरला पोचली. ज्यो माळ्यावर बसून गोष्टी लिहीत होती ते हेच दिवस.

पण एक तक्रार आहे. ती लढाई कशासाठी होती, हे 'चौघीजणी'त जवळजवळ नाहीच. वडील लढाईवर आहेत, आई त्यांच्या आजारपणात वॉशिंग्टनला जाते, ज्यो आपले लांब केस पंचवीस डॉलरला विकून त्यासाठी पैसे आणते. हे सगळे आहे. गुलाम माणूस मात्र कुठे दिसत नाही. इकडे पुण्यात बसून महात्मा फुल्यांना त्या लढाईचा अर्थ बरोबर कळला होता. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि काळ्या लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना तो अर्पण केला. 'चौघीजणी'चे मूळ पुस्तक त्याआधी चारपाच वर्षांचे. पहिला भाग १८६८ चा, दुसरा १८६९ चा.

लुइसाला मात्र हे माहीत नव्हते असे नाही. उलट तिचे घरच गुलामगिरीविरुद्ध उभे होते. पळून आलेल्या एका गुलामाला त्यांनी कॉन्कॉर्डच्या घरात आसरा दिला होता. वडील ब्रॉन्सन अल्कॉट बोस्टनला शाळा चालवत. १८३९ साली त्यांनी एका काळ्या मुलीला शाळेत घेतले. बाकीच्या पालकांनी ओरड केली, तिला काढा म्हणाले. ते नाही म्हणाले. पालकांनी एकेक करून आपली मुले काढून नेली आणि शाळा बंद पडली. लुइसा तेव्हा सहा वर्षांची. एका मुलीने बाकावर बसल्यामुळे वर्ग कसा रिकामा होतो, हे या पानाच्या वाचकांना मी समजावून सांगायची गरज नाही.

या मालिकेतली पुढची पुस्तके मी इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. 'लिटल मेन' १८७१ चे आणि 'जोज बॉईज' १८८६ चे. 'लिटल मेन'मध्ये ज्यो मोठी झाली आहे, नवऱ्याबरोबर मुलांची शाळा चालवते. ही शाळा 'चौघीजणी'च्या मूळ पुस्तकात, दुसऱ्या भागाच्या शेवटीच सुरू होते, आणि तिथे एक मिश्र रक्ताचा हसरा मुलगा आहे. त्याला दुसरीकडे कोणी घेत नाही. लोक सांगतात की याला घेतले तर तुमची शाळा बुडेल. ज्यो आणि तिचा नवरा घेतात, आणि शाळा बुडत नाही. इतकेच. दोनच ओळी. मी तिथे पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. वडिलांची बंद पडलेली शाळा तिने तीस वर्षांनी गोष्टीत पुन्हा उघडली.

या वडिलांबद्दल आणखी थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तत्त्वाला पक्के, पण संसाराला अगदी कुचकामी. १८४३ साली त्यांनी 'फ्रूटलँड्स' नावाची वसाहत काढली. गुलामांच्या घामाचा म्हणून कापूस वापरायचा नाही, मेंढीचा म्हणून लोकर वापरायची नाही, तागाचे कपडे घालायचे आणि फळे, धान्य खायचे. पुरुष मंडळी विचार मांडायला बाहेरगावी फिरत, आणि पीक काढायची वेळ आली की बायको आणि लहान मुली राबत. सात महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला. असे सभा गाजवणारे आणि घरी बायकोच्या कमाईवर जेवणारे पुरुष आपल्याकडेही कमी नाहीत, नावे घेत नाही. लुइसाने पुढे वडिलांच्या त्या प्रयोगाची खट्याळ गोष्ट लिहिली, पण त्यांचे कर्ज मात्र तिनेच फेडले.

ते फेडायला तिने काय काय केले! शिवणकाम, शिकवण्या, लढाईत जखमी सैनिकांची शुश्रूषा. त्या इस्पितळात तिला विषमज्वराने गाठले आणि पाऱ्याच्या औषधाने तब्येत कायमची बिघडली. प्रकाशकाने मुलींसाठी पुस्तक लिहा म्हटले तेव्हा तिला ते फारसे आवडले नव्हते. तरी मे ते जुलै १८६८ या तीन महिन्यांत, वडिलांनी खिडक्यांच्या मधे ठोकून दिलेल्या छोट्याशा मेजावर बसून तिने पहिला भाग पुरा केला. प्रकाशकाच्याच सल्ल्याने पुस्तकाचे हक्क एकरकमी विकले नाहीत, स्वतःकडे ठेवले. त्यामुळे घर सावरले. ते घर 'ऑर्चर्ड हाऊस' कॉन्कॉर्डला अजून उभे आहे, १९१२ पासून लोकांना पाहायला खुले आहे. ते मेजही तिथे आहे, आणि एमीसारखी चित्रे काढणाऱ्या धाकट्या बहिणीने भिंतीवर काढलेली चित्रेही. बेथ म्हणजे तिची सख्खी बहीण एलिझाबेथ, ती १८५८ साली गेली. गरिबांच्या घरून आलेल्या तापानेच तिची प्रकृती ढासळली होती. हमेलांचे घर खरे होते म्हणायचे.

आणि जे मायला सांगायला मी मुद्दाम शनिवारची गाडी पकडून हिंगणघाटला गेले, ते हे. अठरा वर्षांची असताना, १८५१ साली, लुइसा स्वतः एका घरी कामाला राहिली होती. बोलणे झाले होते हलक्या कामाचे. मालकाला ती आपल्याजवळ बसून वाचून दाखवायला हवी होती. तिने ते नाकारल्यावर लाकडे फोडणे, बर्फ उपसणे, विहिरीचे पाणी ओढणे सुरू झाले. शेवटी त्याने आपले बूट पुसायला सांगितले. सात आठवडे काम करून निघाली तेव्हा हातात चार डॉलर पडले. घरच्यांनी संतापून ते पैसे परत पाठवून दिले.

माय भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "पैसे कायले परत केले? कमाईचे होते नं." मग म्हणाली, "म्हणजे तिले ठावं होतं. तरी हॅनाचा पगार नाई लिहिला तिनं."

त्याच खेपेस मी तिला मूळ इंग्रजीतला एक भाग मराठी करून सांगितला. आई वॉशिंग्टनला असते तेव्हा घरून सगळ्यांची पत्रे जातात, त्यांत हॅनाचेही असते. स्पेलिंग सगळे चुकलेले, पण मुली नीट आहेत, घर नीट चालले आहे, काळजी करू नका, असा धीराचा मजकूर. मायने दोनदा विचारले, "तिनं सोता लिहिलं? दुसऱ्याकून नाई?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यात साक्षरतेची मोहीम आली तेव्हा माय पन्नाशीच्या पुढे होती. चाळीतल्या बायका लाजत होत्या, ही पाटी घेऊन सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. सहा महिन्यांनी मला आर्वीकडच्या गावी एक पोस्टकार्ड आले. तेच त्या दिवशी पुस्तकातून खाली पडले, पिवळे पडलेले. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, 'थ'च्या जागी 'य', ओळी चढावर निघालेल्या. 'पोरी नळाले पानी येत नाई. बाबाचा खोकला कमी हाये. मी भांड्याच्या दोन घरी पगार वाढून मागतला एकीन देल्ला एकीन नाई. तिच काम सोडल. थंडी हाये शाल घेऊन ये.'

सुनेने ते वाचले, पुन्हा त्याच पानात ठेवले आणि पुस्तक आपल्या खोलीत घेऊन गेली. मधल्या खोलीचा चुना अजून राहिला आहे.