ताळेबंदावरील सही आणि कामगाराचा बोनस

रायपूरच्या उत्तरेस भनपुरी, उरला आणि सिलतरा हा लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचा पट्टा आहे. येथील रोलिंग मिलमध्ये तापलेल्या सळईशी झुंजणाऱ्या कामगाराचा हिशेबतपासनिसाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो थेट त्याच्या खिशाशी आहे.

कायद्यानुसार किमान बोनस 8.33 टक्के आणि कमाल 20 टक्के. किमान बोनस कंपनीला तोटा झाला तरी द्यावा लागतो. त्यावरील प्रत्येक पैसा मात्र ताळेबंदातून निघणाऱ्या वाटपयोग्य शिलकेवर अवलंबून असतो. 1965 च्या बोनस कायद्याने आणखी एक पाचर मारून ठेवली. कंपनीचे तपासलेले हिशेब न्यायाधिकरणापुढे आले की ते अचूकच आहेत, असे गृहीत धरता येते. युनियनने फार तर एखाद्या बाबीचा खुलासा मागावा! 2019 च्या वेतन संहितेनेही हे गृहीतक पुढे चालविले आहे. म्हणजे हिशेबतपासनिसाची सही हा कामगाराविरुद्धचा पुरावा ठरतो.

मग ही सही स्वतंत्र आहे काय? 2013 च्या कंपनी कायद्यानुसार हिशेबतपासनिसाची नेमणूक भागधारकांची सभा करते व त्याचे मानधनही तीच ठरविते. ज्या खाजगी मिलचे सारे भाग एकाच कुटुंबाच्या हाती आहेत, तेथे ही सभा मालकाच्या दिवाणखान्यात भरते. ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याच हातून मोबदला घेणाऱ्याकडून निर्भयतेची अपेक्षा करणे हा भाबडेपणा आहे.

कोणी म्हणतील, हे लहान कारखान्यांचे दुखणे आहे. सत्यमचे काय? 7 जानेवारी 2009 रोजी रामलिंग राजू यांनी स्वतःच कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातील 5,040 कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. त्या हिशेबांवर जगन्मान्य प्राइस वॉटरहाउसची सही होती. 2015 साली विशेष न्यायालयाने राजू यांच्याबरोबर दोघा हिशेबतपासनिसांनाही दोषी ठरविले. तेथे शेअरबाजारासाठी नफा फुगविला गेला. जेथे कर आणि बोनस द्यायचा असतो, तेथे तो आकसविण्याचा मोह होतो. लेखणी तीच, दिशा उलटी.

सरकार सांगते, आता राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आहे, तपासनिसांची सक्तीची अदलाबदल आहे. परंतु 2018 साली स्थापन झालेल्या या प्राधिकरणाची देखरेख मुख्यतः शेअरबाजारात नोंदलेल्या आणि अतिविशाल कंपन्यांपुरती. अदलाबदलीचे बंधनही ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनाच. लहान खाजगी मिल या दोन्ही जाळ्यांतून अलगद निसटते.

नफा लपविण्याच्या वाटा कामगारांना अपरिचित नाहीत: नातेवाइकाच्या कंपनीकडून चढ्या भावाने खरेदी, भट्टीतील जळीत घट वाढवून दाखविणे, संचालकांचे भरमसाट पगार. पण पाळीत किती सळई निघाली, वजनकाट्यावरून किती ट्रक गेले, विजेचे किती युनिट जळले, हे कामगार जाणतो. हे आकडे ताळेबंदाशेजारी ठेवा. सहीमागील सत्य तेथेच उघडे पडेल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. हिशेबतपासनिसाची नेमणूक मालकाने नव्हे, सार्वजनिक यादीतून व्हावी. त्याचे मानधन स्वतंत्र निधीतून दिले जावे. उत्पादन, वीज आणि खरेदीच्या नोंदी युनियनला पाहता याव्यात. आणि तपासलेले हिशेब अचूकच असतात, हे गृहीतक कायद्यातून काढून टाकावे. ज्याच्या घामातून नफा निर्माण होतो, त्याला त्याचा हिशेब पाहण्याचा अधिकार नाकारणाऱ्या व्यवस्थेने स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगू नयेत.