चेहरा उजळवणारी ट्यूब

गालांवर वांग उठले किंवा नाकावरची रंध्रे मोठी दिसू लागली की अनेकजण मेडिकलमध्ये जाऊन शेजारणीने सांगितलेली ट्यूब मागतात. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. काही आठवडे चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमे फुटतात, लव वाढते. मलम थांबवले की आग होते, म्हणून तेच पुन्हा लावले जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी ती सहज मिळतात. औषध प्रशासनाने दुकाने तपासायलाच हवीत.

ग्राहकानेही ट्यूबवरचे नाव वाचावे. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टिरॉइडे आहेत. बरेच दिवस लावली असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच सोडावीत.

रंध्रे कायमची बंद होत नाहीत. अ‍ॅडापालीनसारख्या औषधाने ती कमी ठळक दिसतात. मात्र तेही डॉक्टरांना विचारूनच लावावे, गरोदरपणी टाळावे. वांगावर पहिला उपाय सनस्क्रीनचा: एसपीएफ किमान ३०, उन्हात दर दोन तासांनी. फरक पडायला महिने लागतात. आठवड्यात गोरे करणाऱ्या ट्यूबवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.